अन्नपूर्णाबाईच्या नावचं समन

नाई भाऊ, तसं उंबऱ्यात उभं राहून नका वाचू, आधी बसा — ते घोंगडं घ्या ओढून — आन् नाव मोठ्यानं घेऊ नका, भिताडापलीकडं ऐकू जाते. तालुक्याच्या कोर्टातले ना तुमी? हाव, थैलीवरूनच वळखलं. मागच्या बारीले दुसरे आले होते, पान खानारे, त्यायले कागद टाकून पळायची भलती घाई. कोन पाहिजे म्हनले? अन्नपूर्णाबाई? हातातच द्यायचं आहे, दुसऱ्या कोनाच्या हातात चालत नाई? द्या ना मंग. त्या कोनाड्यात जपमाळ दिसते का, ती त्यायची. तो पितळी तांब्याबी त्यायचाच — अहाहा, त्याले हात लावू नका, तुमाले दुसऱ्या गडव्यात देते पानी, ते तिचं आहे. हाव, तिचं भरून ठेवलं आहे. आन् त्या सोता नाईत. आज तेरवी आहे त्यायची. असे काऊन पाहता? खोटं वाटलं? वड्यायचा वास येत नाई का तुमाले?

बसा म्हनलं ना, उठू नका. तेरवीच्या दिसी दारात आलेला मानूस उपाशी जात नाई, मंग तो बेलीफ असो का कलेक्टर असो. साखरखेर्ड्याले एसटीतून उतरले असान, आन् तिथून पायी — ह्या उन्हात — वरतून दिवाळीची सुट्टी लागन म्हनून सायबानं सांगतलं असन, आटपा, कागद वाटून मोकळे व्हा. मले आता सारी रीत माहीत झाली कोर्टाची. पाह्यलं तं हा कागद दसऱ्याच्या आधी यायले पाहिजे होता. आला कवा? तेरवीले. काई म्हना, तुमचं कोर्ट जेवायच्या टायमाले बरोबर येते.

वास दोन्हीकडून येऊन राह्यला ना? एका घरात दोन तेरव्या आहेत आज. हे भिताड नवं आहे, मालक गेल्यावर घातलेलं — मालक म्हंजे माहे मालक, पुष्पाचे बाबा. इकडं मी आन् माही पुष्पा, तिकडं माहा दीर निवृत्ती आन् त्याची तानाबाई. म्हातारी दोघा भावायची माय, पन जेवायले निजायले माह्याकडं, काऊन का तिकडं तिले चुलीजवळ बसू देत नव्हते. आता मेली तं तिकडं तेरवी मोठी, गाव जेवून राह्यलं, बुंदी केली म्हनतात. आन् मले काय सांगतलं? मी सकाळी गेली तं तानाबाई दारात आडवी — शालूबाई, तुमी भांड्याले हात लावू नका. काऊन वो? म्हने वकिलानं सांगतलं. आता तेरवीचा सैपाक सुनायनंच करायचा असते, खरं का नाई? मी कनिक मळली, मी पंगत वाढली, तं चार लोक पाह्यतीन, आन् उद्या कोर्टात म्हनतीन, पाहा, सून म्हनूनच वागवत होते. म्हनून हात लावू द्यायचा नाई. आन् माहे वकील, शेषराव वकील, त्यायनं काय निरोप धाडला? बाई, घुसा, पाच मानसायसमोर पोळ्या लाटा, कोन कोन पाह्यते ते ध्यानात ठेवा. म्हातारीची राख थंडी झाली नाई आन् तिच्या पोळ्यायवरून दोन वकील झोंबून राह्यले. मी गेली नाई. येगळी चूल पेटवली. वांग्याची भाजी केली. तिले लय आवडे वांगं, पन चातुर्मासात सोडलं होतं तिनं, मरेपर्यंत तोंडाले लावलं नाई. घ्या, वाढते तुमाले, पुष्पा, पान आन गं इकडं.

दावा माहीत नाई तुमाले? तुमी बापा नुसते कागद वाटता, खरं आहे. तं आइका. मी वरवट बकालची. पहिला नवरा मी सतरा वर्साची असताना गेला. इकडं मालकाची पहिली बायको बाळंतपनात गेली. मंग आमचा पाट लागला. आता पाटाची रीत तुमाले सांगायले पाहिजे का? लग्नासारखा मांडव नाई, वाजा नाई, गावजेवन नाई. अंधार पडल्यावर लावतात, आन् सवाष्न बाईनं पाह्यचाबी नाई, तिच्यावर सावट पडते म्हने. दोनचार मानसं आन् रांडमुंड बाया, झालं. माह्या पाटाले कोन होतं? माहा भाऊ होता — तो घरचा, त्याच्या साक्षीले वजन नाई म्हनतात वकील. पाट लावनारा जोशी होता, तो मेला. तुळशीरामभाऊजी होते, मालकाचे चुलतभाऊ — ते आता निवृत्तीच्या बैलगाडीत बसून बजाराले जातात, म्हनून त्यायले आठवत नाई. आन् होती म्हातारी. सासरा गेला होता म्हनून तिले येता आलं. माह्या हातात हिरव्या बांगड्या तिनं भरल्या, मालकाच्या उपरन्याले माह्या पदराची गाठ तिनं मारली. ह्या दोन हातायनं — म्हंजे तिच्या. तिले सारं ठावं होतं.

आन् मालक काविळीनं गेले, तं निवृत्ती काय म्हनते? वर्सभर भाजीपाल्यातला वाटा देल्ला, मळ्यातली वांगी, मिरच्या, सांबाराच्या जुड्या, जे निंघन त्यातला. मंग एक दिवस विहिरीवर मोट चालू असताना, साऱ्या गड्यायसमोर, म्हने तुहा काय संबंध? दादानं तुले ठेवलं होतं. ठेवलं होतं! ज्या तोंडानं इतके वर्स वयनी वयनी करे, माह्या हातच्या भाकरी हाने, त्या तोंडानं. मले मळ्याचं सोडा भाऊ, मले आंग जळल्यासारखं झालं. माही पुष्पा तिथंच पान्याची बारी देऊन राह्यली होती, तिनं ऐकलं. घरी येऊन मले इचारते, आई, ठेवलेली म्हंजे काय? काय सांगू मी तिले? उद्या तिले सोयरीक येईन, पाव्हने इचारतीन मुलीच्या बापाचं नाव, तं मी काय म्हनू, थांबा, बापाचं नाव कोर्टात आहे? म्हनून मी दावा टाकला. मळा पाहिजे म्हनून नाई — मळाबी पाहिजे, कायले खोटं बोलू — पन पहिले कागदावर सून लिहून पाहिजे. तेवढंच.

वाढू अजून? लाजू नका. मंग मुदत. तुमाले सांगते, कोर्टात देव नाई, मुदत आहे. आमचा दावा गेला, निवृत्तीनं जबाब द्यायचा. पेशीले गेलो — साखरखेर्ड्यावून पहाटची एसटी, डबा बांधून — तं त्याचा वकील उभा राह्यला, सायेब, मुदत पाहिजे, पक्षकाराची पेरनी चालू आहे. देल्ली. पुढच्या पेशीले वकीलसायेबच आजारी. देल्ली. मंग म्हने कागद अकोल्याच्या नातेवाइकाकडं आहेत. मंग सासऱ्याचं सराद. सराद तं माह्याकडं झालं होतं! मी शेषरावायले म्हनलं, उठा ना, सांगा ना, खोटं आहे. ते म्हने बाई, हे असंच असते, जबाब आल्याशिवाय गाडा पुढं जात नाई. आन् मी त्या कोर्टाच्या लिंबाखाली बसून राहो, निवृत्तीबी तिथंच बसे, पाठ करून. एका विहिरीचे मानसं, आन् दोघंबी डब्यातली एकाच मळ्याची वांग्याची भाजी खाऊन राह्यले.

जबाब आला मंग. त्यात मले काय लिहिलं? शालूबाई, बेवा अमक्याची — माह्या पहिल्या नवऱ्याची बेवा. मधातले सारे वर्स पुसून टाकले, जसं मी या घरात कवा आलीच नाई. आन् वरून लेखी सवाल धाडले, अमुक मुदतीत उत्तरं द्या नाईतं तुमचा दावा लंगडा. पाट कोन्या तिथीले लागला? लुगडं कोन्या रंगाचं? कोन आनलं? पाटाचा दाखला हजर करा. भाऊ, पाटाले दाखला राह्यते का? बांगडी भरताना पावती फाडतात का? मी सारी उत्तरं देल्ली, मुदतीच्या आत देल्ली, एक दिवस उशीर नाई. त्या उत्तरायवर शपथ घ्यायची होती, तं कोर्टातल्या कारकुनानं इचारलं, बाई, नवऱ्याचं नाव घ्या. आता मी कसं घेऊ? मी आजपर्यंत कोनासमोर नाव घेतलं नाई त्यायचं. मी गप. तिकडून निवृत्तीचा चष्मेवाला वकील हासला, म्हने पाहा, नवऱ्याचं नावच ठावं नाई. शेषराव भले मानूस, कारकुनाले म्हने, तुमीच दाव्यातलं वाचा, बाई मान हालवतीन. त्यानं वाचलं, म्या मान हालवली, झाली शपथ. चालली. माही मान चालली — हे ध्यानात ठेवा भाऊ, पुढं सांगते.

तं आता राह्यली म्हातारी. शेषराव म्हने, बाई, तुमचा सारा दावा त्या एका म्हातारीच्या जीभंवर आहे, आन् तिचं वय पाह्यलं तं मले झोप येत नाई. खटला उभा राहीपर्यंत ती राह्यते का नाई कोन सांगन. आधीच साक्ष घेऊन ठेवू. अर्ज टाकू, कोर्ट एक कमिशनर धाडन घरी, वकीलच राह्यते तो, दोन्ही बाजूच्या समोर लिहून घेईन, अंगठा लावन, मंग म्हातारी राहो का न राहो. म्या म्हनलं टाका. टाकला. आता त्याच्यावर निवृत्तीनं म्हननं द्यायचं. मुदत! मंग म्हननं आलं — म्हातारी ठनठनीत आहे, विहिरीवून पानी आनते, कोर्टात येऊ शकते, घरी जायची गरज नाई. मंग आमी डॉक्टरचा दाखला आना. डॉक्टर आला तं म्हातारी, जी बाजीवरून उठताना माह्या खांद्याले धरे, ती सरळ उभी राह्यली त्याच्यासमोर, काठी बाजूले ठेवून. डॉक्टर म्हने आजी, तुमची तब्येत चांगली आहे. मी म्हनलं आत्याबाई, आज काऊन अशा? ती म्हने, परपुरुषासमोर वाकून कसं राहू? तवा मले हासू आलं. तवा मले कळलं नाई.

नाई, कळलं. थोडं कळलं.

अर्ज मंजूर झाला कवा? आषाढात. आन् आषाढी एकादशीले म्हातारीनं देवापुढं दिवा लावला, मले जवळ बसवलं आन् म्हने, शालू, या साली वांगं तं सोडतेच, पन बोलनंबी सोडते. चार महिने. कार्तिकीले देवाच्या पायाशी सोडन. आन् तोंड मिटलं. झालं. इतके वर्स तिनं चातुर्मास केला, कवा कांदा सोडला, कवा पानावर जेवली, कवा एक टाइम जेवली — मौन कवा धरलं नव्हतं. नेमकं त्याच साली. गाव म्हने, काय निष्ठा आहे म्हातारीची. बाया पाया पडायले येत. मी सकाळी तिची वेनी घालो, पाठ चोळून देओ, ती पाहे माह्याकडं, डोळ्यात पानी येई तिच्या, पन शबूद नाई. मी बोलो, एकटीच बोलो, आत्याबाई, देवाले तुमचं मौन पाहिजे का मले तुमची साक्ष पाहिजे, सांगा ना. ती माळ फिरवे.

भादव्यात कमिशनर आला. पोरगाच होता, नवा वकील, नव्या चपला. इथंच बसला, तुमी बसले तिथं. हा चष्मेवाला तिथं, शेषराव इथं, आन् निवृत्ती दारात उभा, चौकटीले धरून. म्हातारी त्या कोनाड्याखाली. पोरग्यानं इचारलं, आजी, ही शालूबाई तुमची सून का? म्हातारी गप. शेषराव म्हने, सायेब, आजीचं मौनव्रत आहे. तो पोरगा गांगरला, म्हने मंग लिहू काय? शेषराव म्हने मान हालवतीन, मान लिहा. चष्मेवाला उठलाच — मान कशी लिहिता, साक्षीदार मुका नाई, बोलू शकते पन बोलत नाई, लिहा, साक्षीदार उत्तर देत नाई. म्या म्हनलं, माही मान चालली नं बापा तुमच्या कोर्टात, नवऱ्याच्या नावाले? मले बाई गप म्हनले. ते भांडून राह्यले आन् मी म्हातारीकडं पाहून राह्यली. भाऊ, मानेचा झगडा फुकट होता. तिनं मान हालवलीच नाई. ना हाव, ना नाई. तिनं दारात पाह्यलं — निवृत्तीकडं — आन् डोळे मिटले. आन् मिटल्या डोळ्यातून पानी. आता सांगा, ते देवासाठी होतं का लेकासाठी? एक लेक गेला, एक राह्यला. त्याच्या तोंडावर त्याले खोटा कसं पाडन ती? आन् खोटी साक्ष देऊन मले ठेवलेली कशी म्हनन? म्हनून देवाच्या मागं जाऊन बसली. मी समजून होती सारं. रात्रंदिवस तिची चीड येई मले, आन् रोज तिच्या पायाले तेल लावो. दोन्ही खरं आहे.

मंग शेषरावायनं काय केलं? मुदत मागतली! साऱ्या दाव्यात आमी एकदा मुदत मागतली, तीच. म्हने कार्तिकी झाल्यावर व्रत सुटन, त्याच्यानंतरची तारीख द्या, पुन्हा कमिशन धाडा. चष्मेवाल्यानं खळखळ केली, मंग त्याच्या म्हनन्याले दोन पेश्या गेल्या, मंग मंजूर. तेच हे समन ना तुमच्या हातात? पुन्नव झाल्यावरची तारीख आहे ना? वाचा ना. हाव. निवृत्तीनं घेतलेल्या साऱ्या मुदती पचल्या त्याले. आमची एक नाई पचली. म्हातारी कोजागिरीच्या आगंमागं गेली.

थांबा ना, कढी घ्या. दहाव्याचं सांगते. नदीवर पिंड ठेवला, गाव उभं, मी दूर बाभळीखाली — जवळ नाई येऊ देल्लं, वकील — आन् कावळा काई शिवंना. बसला होता तिथंच, फांदीवर, पिंडाकडं पाहेबी ना. निवृत्ती हात जोडून, आई, तुह्या नावानं पानपोई घालतो. कावळा हालंना. आई, शेगावले जाऊन महाराजाले नैवेद्य करतो. हालंना. गायीले चारा, शिवमंदिराले पायरी — सारं बोलला. आन् साऱ्या गावाले ठावं होतं काय बोलायचं राह्यलं ते. कडूबा पाटील म्हने, निवृत्ती, जे बोलायचं ते बोल ना बाबा. तो एकदा माह्याकडं पाहे, एकदा कावळ्याकडं. इतकं गाव ऐकून राह्यलं होतं — वयनीचा हिस्सा देतो, असं एकदा तोंडातून निंघालं असतं तं ते कोर्टातबी गेलं असतं, तेवढं त्याले वकिलानं शिकवून ठेवलं असन. शेवटी भटजीले म्हने, दुसरं काई होईन का? भटजीनं दर्भाचा कावळा केला, लावला पिंडाले, आटपलं. कावळ्याकडूनबी मुदत घेतली त्यानं. माय तशीच राह्यली लटकून आन् हा घरी येऊन आंघोळ करून जेवला.

गाव म्हनते, शालूचा हिस्सा देत नाई म्हनून कावळा शिवला नाई. मले येऊन सांगतात बाया, हळूच, भिताडाकडं पाहून. साक्ष देतान का म्हनलं तं पदर सावरून चालत्या होतात. पन म्हनतात, म्हातारीचा जीव तुह्यात अडकला शालू. मी हाव म्हनते. मी काय म्हनू? मले ठावं आहे कशात अडकला ते. तुमाले सांगून फायदा नाई. तुमी जेवा.

नाई, तसं नाई. आइका. त्या दिसी सकाळी मी मिरच्या तोडायले निंघाली होती, टोपली डोक्यावर घेतली होती, पुष्पा शाळेत गेली होती. म्हातारी बाजीवर पडून होती, दोन दिवसापासून आंग तापलं होतं. आन् मागून आवाज आला. सूनबाई, पानी दे. भाऊ, मी आधी समजली तिकडं तानाबाईले कोनी बोलावलं. या घरात सूनबाई तानाबाई, ती लग्नाची. मले शालू. पाट लागला त्या दिसापासून शालू, मालक असताना शालू, मालक गेल्यावर शालू. मी वळून पाह्यलं तं ती माह्याकडं पाहून राह्यली होती. व्रत मोडलं होतं तिनं. कार्तिकी यायची होती आन् तिनं देवाचं मौन मोडलं, मले सून म्हनायले! माह्या हातून टोपली पडली. म्या म्हनलं, काय म्हनल्या आत्याबाई? पुन्हा म्हना. ती म्हने, सूनबाई, पानी. साफ. कोनीबी ऐकलं असतं तं साफ ऐकू आलं असतं. पन होतं कोन ऐकायले? मीच. माहा भाऊ घरचा, त्याच्या साक्षीले वजन नाई, तं माह्या सोताच्या ऐकन्याले काय वजन? मी म्हनलं थांबा, आत्याबाई, थांबा हं, बोलू नका आता, तेवढं पुन्हा म्हनायचं ठेवा — आन् मी पळाली. पळाली भाऊ, अनवानी. कडूबा पाटलाच्या घरी गेली, ते वावरात. शाळेच्या मास्तरले बोलावलं, म्हने पोरं सोडून कसा येऊ. रस्त्यानं एक कासार चालला होता त्याले ओढत आनलं, त्याले म्हनलं तुमाले गावाचं देनंघेनं नाई, तुमी फक्त ऐका, ही म्हातारी मले काय म्हनते ते ऐका. दारात आलो तं—

तिचा हात तांब्याकडं होता. तांब्या रिकामा होता.

नाई, डोळ्यात काई नाई गेलं माह्या, चुलीचा धूर आहे. तुमी जेवले ना? ताक घ्या. तं आता कागदाचं करा काय ते. दारावर चिकटवता? मेल्या मानसाच्या दारावर? काई पाप लागते का नाई तुमाले? हाव, तसं लिहा, मागं लिहा — मयत. दोन पंच लागतीन तं तिकडच्या पंगतीतून बोलवा, मयत आहे एवढं सांगायले कोनी भेत नाई, बुंदी खाऊन येतीन. कोनी सांगतलं असं लिहा लागते? मीच सांगतलं. लिहा, शालूबाई. भ्रतार? ते दाव्यात आहे, तिथून पाहून घ्या, मी नाव घेत नाई. वय लिहा अंदाजानं. आन् काय राह्यलं?

नातं.

मयताशी नातं काय, असं लिहा लागते? तुमच्या कोर्टाच्या कागदावर, तुमच्या हातानं, मी सांगन ते लिहिता? निवृत्तीले इचारा लागत नाई? वकिलाले नाई? मुदत नाई? मी सांगतलं की लिहिता, बस?

थांबा, चुलीतलं लाकूड मागं सारते.

सूनच असती तं आधी पानी देल्लं असतं, नाई का भाऊ?

मोकळं ठेवा ते. मोकळं ठेवा म्हनलं ना, नका लिहू काई! द्या इकडं, अंगठा लावते, कुठं लावू, इथं? झालं. आता उठा. हात तिकडं मोरीवर धुवा, आन् एसटी जाईन तुमची, बिगी निंघा. पुष्पा, भाऊचं पान उचल. आन् तो तांब्या घेऊन ये माह्याकडं, पानी बदलायचं आहे.